बंद शेगडीचे फोटो

पुंता आरेनासमध्ये पाली नसतात.
भिंतीवर चालणारं काही या थंडीत टिकतच नाही.
तरी रोज पावणेसातला, कुलूप लावून
तीन घरं पुढे गेली की
एर्मिंदाच्या मनात पाल चुकचुकते:
गॅस.

ती परत फिरते. कुलूप काढते.
बूट न काढता दारातूनच वाकून बघते:
चार बटणं, चारही सरळ.
बर्नरला हात लावते. गार.
पुन्हा कुलूप, पुन्हा तीन घरं,
पुन्हा पाल.

वाऱ्याच्या दिवसांत या गावात
रस्त्याकडेला दोर बांधतात,
माणसं ते धरून चौक ओलांडतात.
दोर धरणाऱ्याला कुणी हसत नाही.
परत फिरणाऱ्या बाईला मात्र हसतात;
खेकड्यांच्या कारखान्यात
तिला 'परतीची बोट' म्हणायचे.

दानिलो हसायचा नाही, वैतागायचा.
"मी घरात बसलोय ना? माझ्या नाकाला काय बूच बसलंय?"
त्याचं खरंच होतं.
पण काळजीला दुसऱ्याची साक्ष चालत नाही.
तिला स्वतःच बघायचं असतं,
आणि बघून झालं की
स्वतःचाच भरवसा नसतो.

दवाखान्यातला मानसतज्ज्ञ पोरगेलासा, ओसोर्नोचा.
लहानपणी घराला आग लागली होती का?
नाही.
गॅसनं कुणी गेलं?
नाही.
तो इतक्या आशेनं विचारत होता
की तिला त्याचीच दया आली,
एखादी जळून गेलेली मावशी
ती रचून सांगणारच होती.
मग तो म्हणाला, परतावंसं वाटलं
की दहा मिनिटं नुसत्या उभ्या राहा.
लाट चढते तशी उतरतेही.
ती म्हणाली, दहा मिनिटांत बस जाते, बाळा.

तिनं आपली वाट काढली:
निघताना शेगडीचा फोटो.
मनानं विचारलं की मोबाइल दाखवायचा.
पोरगा म्हणाला, हेही परत फिरणंच आहे.
असेल. बस तरी मिळत होती.

जूनमध्ये दानिलो गेला.
धक्क्यावर, उभ्याउभ्या, छातीत कळ येऊन.
त्या दिवशीही शेगडी बंद होती, फोटो आहे.
ज्याच्यासाठी पाल एकदाही चुकचुकली नाही
नेमकं ते झालं.

ऑगस्टमध्ये नात म्हणाली,
"आजी, मोबाइल भरलाय.
शेगडीच शेगडी. सहाशे बावीस. पुसून टाकू?"
आणि यास्नाचं बोट थांबलं.

डाव्या कोपऱ्यात एक कोपर होतं.
तपकिरी स्वेटर, टेबलावर रेललेला.
मार्चमध्ये त्याला डाळीएवढं भोक.
एप्रिलमध्ये नाण्याएवढं.
मेमध्ये आतला शर्ट दिसतो.
एका फोटोत नुसता अंगठा, वर केलेला:
बंद आहे, जा आता.

रोज पाहत होती ती, डोळे फाडून.
भोक दिसलं नाही.
रफू करायला दोन मिनिटं लागली असती.

रडली का? यास्नाला विचारा.
ती म्हणते, आजीनं चहा टाकला
आणि आधण उकळून आटलं तरी
शेगडी बंद करायचं तिला सुचलं नाही.

आज वारा आहे. तिसऱ्या घरापाशी पाल.
एर्मिंदानं हातमोज्यातल्या हातानं दोर धरला
आणि उभी राहिली.
चार मिनिटं. सहा. बस गेली.
पोटातलं चढलेलं काहीतरी
अर्धंमुर्धं उतरलं, सगळं नाही.
गॅसचं काही वाटेनासं झालं.

मग आठवलं:
कुलूप?

ती एकटीच मोठ्यानं हसली.
वाऱ्यात ते कुणाला ऐकू आलं नाही.